ओसरीवरची शाळा : पणती कोणाच्या हातची?

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो तेव्हा बालवाड्यांना एक तर सुटी लागलेली असते, नाही तर लागायला दोन-चार दिवस उरलेले असतात. म्हणजे बालवाडीतल्या दिवाळीविषयी लिहायला ही वेळ तशी उशिराचीच. पण या सदराच्या वाचकांत शिक्षिकांपेक्षा आया आणि आज्याच अधिक आहेत, हे मला ठाऊक आहे. आणि शाळेत जे घाईघाईने उरकावे लागते त्यातले पुष्कळसे घरी सुटीत अधिक निवांतपणे होण्याजोगे असते. तेव्हा शिक्षिकांनी हे पान पुढच्या वर्षासाठी कापून ठेवावे आणि घरच्या मंडळींनी आजच एक परात माती भिजत घालावी.

आधी एक तक्रार करून टाकते, म्हणजे मन मोकळे होईल. अलीकडे दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी पालकांच्या मोबाइलवर शाळेचा निरोप येतो : 'शुक्रवारी मुलांनी स्वतः तयार केलेला आकाशकंदील आणावा.' मूल असते साडेतीन वर्षांचे. त्याला अजून सदऱ्याची गुंडी लावता येत नाही. मग गुरुवारी रात्री अकरा वाजता वडील कामट्या तासत बसतात, आई कागदाच्या झिरमिळ्या कापते, आजी खळ शिजवते, आणि 'स्वतः तयार करणारे' मूल आतल्या खोलीत गाढ झोपलेले असते. शुक्रवारी वर्गात चाळीस कंदील रांगेने टांगले जातात. माहीमच्या कंदील गल्लीत नेऊन मांडले तर हातोहात खपावेत, असे देखणे! त्यांचे फोटो निघतात, ते पुन्हा त्याच मोबाइलवर येतात, आणि दिवाळीचा 'उपक्रम' पार पडतो.

अशा एका प्रदर्शनाला मी गेले होते. तिथल्या एका चिमुरडीला विचारले, "यातला तुझा कंदील कोणता ग?" तिने बोट दाखवून स्वच्छ आवाजात सांगितले, "तो बाबांचा. माझा नाही आणला." चौकशी केली तेव्हा कळले की तिचाही एक कंदील होता. जुन्या वहीचा कागद गुंडाळून तिने त्याला दोरा बांधला होता. तो इतरांच्या शेजारी बरा दिसणार नाही म्हणून घरीच ठेवला होता.

त्या मुलीचे वडील हौशी गृहस्थ. त्यांचा कंदील खरोखरच सुरेख होता, आणि घराच्या गॅलरीत त्यांनी तो जरूर लावावा. पण बालवाडीत टांगायचा कंदील होता तो घरी राहिलेला.

चार वर्षांच्या मुलाला दिवाळी म्हणजे काय वाटते, याचा आपण क्वचितच विचार करतो. वसुबारस आश्विन वद्य द्वादशीला येते आणि भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला, हे त्याला कळत नाही आणि कळायचे कारणही नाही. त्याला 'काल' आणि 'परवा' यांतले अंतरही नीटसे उमगलेले नसते. त्याची दिवाळी नाकातून, कातडीवरून आणि बोटांतून आत येते. कोमट तेलाचा हात पाठीवरून फिरतो, उटणे खरखरते, नव्या कापडाची कांजी मानेला टोचते, बेसन भाजल्याचा वास घरभर पसरतो. आणि या सगळ्यांहून मोठी नवलाई म्हणजे काळोखात उठणे! एरवी ज्याला सातला उठवताना आई मेटाकुटीला येते, ते पोर त्या दिवशी पाचला टुणकन उठून बसते. बाहेर रात्र आहे आणि आपण आंघोळ करतो आहोत, यापेक्षा मोठी अद्भुत कथा त्याला दुसरी कोणती सांगणार?

म्हणून बालवाडीत दिवाळी सुरू करायची ती नाकापासून. झाकणाला भोके पाडलेल्या लहान डब्या घ्याव्यात. एकीत आंबेहळद, दुसरीत नागरमोथा, तिसरीत वाळा, चौथीत वाळवलेली संत्र्याची साल, पाचवीत गुलाबाच्या पाकळ्या, सहावीत कचोरा. आठवडाभर रोज एकेक डबी हुंगू द्यावी आणि शेवटच्या दिवशी डोळे मिटून ओळखायला सांगावे. मुले नावे विसरतात. पण "हा आजीच्या कपाटाचा वास", "हा पावसाचा वास" अशी आपलीच नावे देतात, आणि ती पुष्कळदा इतकी नेमकी असतात की वाळ्याचा वास पावसाचा का, हे आपल्यालाही नव्याने कळते. मग हे सारे जिन्नस एका परातीत एकत्र करावेत, मुलांनीच कालवावेत, आणि कागदाच्या पुड्या बांधून एकेक घरी न्यावी. बाजारात उटण्याचे पाकीट मिळते, हे मला ठाऊक आहे. पण 'उटणे' म्हणजे पाकीट, अशी मुलाची समजूत होऊ नये.

आता मातीकडे वळू. माझ्या मते दिवाळीत बालवाडीने बाकी काही केले नाही, एवढी मातीची पणती केली, तरी पुष्कळ झाले.

माती कुंभाराकडची आणावी. ती मळलेली, खडेविरहित असते. शाडूही चालते. लिंबाएवढा गोळा मुलाच्या तळहातावर द्यावा आणि एकच गोष्ट दाखवावी : अंगठा मधोमध रुतवायचा आणि गोळा फिरवीत कडा चिमटीत धरायच्या. यापुढे शिक्षिकेने आपले हात मागे बांधून बसावे. हे फार अवघड जाते! कड फाटते आहे, बूड पातळ होते आहे, दिव्याच्या जागी डबके तयार होते आहे, हे दिसत असते आणि बोटे शिवशिवतात. तरीही हात लावू नये. फाटलेली कड ओल्या बोटाने कशी सांधायची, हे फार तर आपल्या हातातल्या दुसऱ्या गोळ्यावर दाखवावे. मुलाच्या पणतीला एकदा मोठ्याचे बोट लागले की ती मुलाची राहत नाही, आणि हे त्याला आपल्याआधी समजते.

पणत्या सावलीत वाळवाव्यात. उन्हात ठेवल्या तर तडकतात. वर ओलसर फडके टाकावे म्हणजे हळूहळू वाळतात. तीन-चार दिवस जातात, आणि तेवढे दिवस मुले रोज आल्याबरोबर दप्तर टाकून आपापली पणती बघायला धावतात. काळा रंग जाऊन ती फिकी होते, हाताला गार लागेनाशी होते. पाण्याची वाफ होते वगैरे सांगत बसण्याची गरज नाही. 'काल गार होती, आज नाही,' एवढे मुलाने स्वतः म्हटले की त्या दिवसाचा पाठ झाला.

मग एक गंमत करावी. पाण्याने भरलेली काचेची दोन भांडी मांडावीत. एकात बाजारातली भाजलेली पणती सोडावी, दुसऱ्यात जादा केलेली एक कच्ची. (कोणा मुलाची सोडू नये, हाहाकार होईल.) भाजलेल्या पणतीतून बारीक बुडबुडे निघू लागतात. तिच्या अंगातल्या भोकांत हवा असते. पाणी आत शिरते तशी ती बाहेर पडते. "पणती पाणी पिते," असे मुले म्हणतात, आणि ते अगदी खरे आहे. आपल्या आज्या नव्या पणत्या आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवीत, त्या याचसाठी. पाणी प्यायलेली पणती मग तेल कमी पिते. इकडे कच्ची पणती मात्र कडेने सुटू लागते, खचते, आणि थोड्या वेळात भांड्याच्या तळाशी नुसता गाळ उरतो. वीस मुले तोंडे उघडी टाकून बघत असतात. 'भाजणे' म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून इतके चांगले कधीच कळले नसते.

जमले तर कुंभाराकडे जावे. मुंबईत धारावीचा कुंभारवाडा आहे. सौराष्ट्रातून आलेली कुंभारांची घराणी तिथे पिढ्यान् पिढ्या हे काम करीत आली. तुमच्या गावातही एखादे चाक कुठेतरी फिरत असेलच. मुलांना चाकापुढे पाच मिनिटे उभे केले, तरी घरी येऊन ती अर्धा तास गोल गोल फिरतात.

कच्च्या पणतीत तेल टिकत नाही, ती ते शोषून घेते. म्हणून तिच्यात तुपात भिजवलेली फुलवात ठेवावी. ती थोडा वेळ छान तेवते. वाती मुलांनीच वळाव्यात. दुधाचे बोट लावून कापूस तळहातावर वळायची आजीची रीत अजून कोणी सुधारलेली नाही. पहिल्या दिवशी अळ्यांसारख्या जाड्या वाती होतात, चौथ्या दिवशी बऱ्या होतात. बोटांच्या टोकांना हे वळण लागले की पुढे पेन्सिल धरायला शिकवण्याचा निम्मा त्रास वाचतो. पण हे पालकांना सांगण्यापुरते. मुलांना वाती वळायच्या असतात, पेन्सिल धरायची नसते.

आणि दिवा लावताना? 'लहान मुले, त्यात विस्तव. नको रे बाबा!' म्हणून पुष्कळ शाळा सेलवर चालणारे प्लास्टिकचे दिवे आणतात. त्यांची भीती मी समजू शकते, पण त्यांचा उपाय मला मान्य नाही. जाळ म्हणजे काय, हे मुलाने आपल्यादेखत शिकावे; आपल्या पाठीमागे शिकण्यापेक्षा ते बरे. काळजी मात्र कडक हवी. ताटात वाळू पसरून पणत्या तिच्यात रोवाव्यात. मुलींचे केस बांधलेले हवेत. ओढण्या, घोळदार जरीचे किंवा नायलॉनचे कपडे त्या दिवशी नकोत, साधे सुती बरे. शेजारी पाण्याची बादली असावी. एका वेळी एकच मूल पुढे बोलवावे. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवून बसावे. पणती वाळूत ठेवायची आणि फुलवात तिच्यात बसवायची ती मुलाने. काडी ओढायची ती ताईंनी. आणि खोली अंधारी करायला विसरू नये. दिवाळीच्या शाळेतल्या सगळ्या कार्यक्रमांत मी पाहिलेली सर्वांत मोठी शांतता त्या क्षणाची आहे. "शांत बसा" असे कोणीही म्हटलेले नसते.

माती, वाती, बिया ही सामग्री फारच साधी वाटते, आणि त्यामुळेच हल्ली ती मागे पडते की काय, अशी शंका येते. आता दिवाळीचे तयार 'संच' मिळतात. त्यात कापलेला कंदील असतो, आखलेली रांगोळी असते, रंगवायची पणती असते आणि सूचनांचा कागद असतो. मुलाने फक्त चिकटवायचे. या बाबतीत आपल्याकडच्या जुन्या माणसांनी केलेला विचार आठवण्यासारखा आहे. फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत लहान मुलांची शाळा काढली आणि पुढे तिला 'मुलांची बाग' असे नाव दिले. त्याने मुलांच्या हाती चेंडू आणि ठोकळे दिले. माँटेसोरीबाईंनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले आणि ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणाची सुंदर साधने घडवली. ती महागही होती. भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपल्या मातीत रुजवली. आणि पुढे १९४५ साली ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी साधनांचा प्रश्न एका झटक्यात सोडवला. शिंपले, खडे, बिया, पाने, माती ही त्यांची साधने झाली. बालवाडी मुलांच्या अंगणातच नेऊन मांडायची, हाही त्यांचाच विचार. अंगणवाडी हा शब्द पुढे १९७५ च्या सरकारी योजनेतून देशभर गेला. आज २०२० चे शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांच्या मुलांनी खेळातून आणि कृतीतून शिकावे, असे सांगते. ते योग्यच आहे. बोर्डीच्या अंगणात ते तेव्हाच चालू होते, इतकेच.

रांगोळी आणि फराळ यांविषयी थोडक्यात. तीन-चार वर्षांच्या मुलाला ठिपके जोडायला देऊ नये. त्याची चिमूट अजून मूठच असते. जमिनीवर खडूने मोठे वर्तुळ काढून द्यावे आणि त्यात झेंडूच्या पाकळ्या, चिंचोके, पाने भरू द्यावीत. फराळातली चकली मात्र बालवाडीसाठीच निर्माण झाली आहे. मातीची नाही तर कणकेची लांब सुरळी वळायची आणि तिचे मधून बाहेर वेटोळे घालीत जायचे. पाटीवर गोल गिरवायला नाराज असणारी मुले अशा पंधरा चकल्या सहज घालतात. कातण्याने कणकेच्या करंजीची कड कातरू दिली तर मधली सुटी झाली तरी उठत नाहीत.

किल्ल्याशिवाय मराठी मुलाची दिवाळी पुरी होत नाही. हल्ली प्लास्टरचा तयार किल्ला बाजारातून आणून कोपऱ्यात ठेवतात. त्यावर मी काही लिहीत नाही. शाळेला वीतभर अंगण असेल तरी किल्ला होतो. दगड आणि विटा मुलांनी वाहाव्यात (एका वेळी एक, दोन्ही हातांनी), जुने गोणपाट चिखलात बुचकळून वर पांघरावे, आणि मग सगळ्यांनी मिळून लिंपावे. त्या दिवशी जुने कपडे घालून पाठवण्याची चिठ्ठी आधी घरी जाऊ द्यावी. उगवणीसाठी अळीव उत्तम. भिजल्यावर त्याच्या प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण चढते. मुले "ई!" करून हात काढतात आणि लगेच पुन्हा घालतात. दोन-तीन दिवसांत अंकुर फुटतात, आठवड्यात गडावर हिरवळ येते. मोहरीही अशीच लवकर उगवते. गहू जरा दमाने येतो.

गडावर कोण असावे, हे मुलांनाच ठरवू द्यावे. मी पाहिलेल्या एका गडावर महाराजांच्या सिंहासनाशेजारी पिवळी जेसीबी उभी होती. बाई ती हळूच काढायला गेल्या तेव्हा गडाचे चार वर्षांचे बांधकामप्रमुख म्हणाले, "राहू दे. एवढे दगड कोण उचलणार?" जेसीबी राहिली. शिवकालाचा इतिहास शिकायला पुढे चौथीचे वर्ष आहेच. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, ते महाराष्ट्रातले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी. तीही मोठ्यांनी आनंद मानण्याची गोष्ट आहे. बालवाडीत किल्ला म्हणजे वर आणि खाली, आत आणि बाहेर, दार आणि भिंत. हे शब्द बोलत बोलत तो बांधला की झाले.

गोष्टींच्या बाबतीत मी जरा चिकित्सक आहे. नरकासुराचा वध तीन वर्षांच्या मुलांना रंगवून सांगू नये. गोव्याकडे चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे भले मोठे पुतळे जाळतात, आणि तिथली पोरे महिनाभर त्याच धुंदीत असतात. पण तिथे तो अक्राळविक्राळ असुर कागदाचा आणि गवताचा असतो, आपल्याच दादांनी आपल्यादेखत केलेला असतो. म्हणून त्याची भीती हवीहवीशी वाटते. अंधाऱ्या वर्गात आवाज काढून सांगितलेला असुर मात्र रात्री अंथरुणात येतो. अंगणात कारीट फोडायला मिळाले तर तेवढे पुरे. लहान अंगठा, मोठा जोर, आणि मग कडू चव घेतल्यावर वेडीवाकडी झालेली तोंडे!

बळीराजाची गोष्ट मात्र जरूर सांगावी, कारण तिच्यात तीन पावले आहेत. वर्ग तीन पावलांत ओलांडता येतो का, ते प्रत्येकाने करून बघावे. ताईंची तीन पावले कुठवर जातात, सर्वांत लहान मुलाची कुठवर, हे खडूने आखावे. एकदा गोष्ट संपल्यावर एका मुलाने विचारले, "पण त्याने दिले ना सगळे? मग त्याला खाली का ढकलले?" वर्गात होती ती बाई शहाणी. तिने उत्तर दिले नाही. "मलाही तसेच वाटते," एवढेच म्हणाली. शतकानुशतके या महाराष्ट्रातल्या बायका पाडव्याला बळीचेच राज्य मागत आल्या आहेत, त्या काही उगाच नव्हे.

फटाक्यांवर फार लिहीत नाही. पुष्कळ लहान मुलांना मोठ्या आवाजाची खरीच भीती वाटते आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण तीन वर्षांच्या मुलांच्या हाती 'फटाके नको' असे फलक देऊन त्यांची मिरवणूक काढणे मला पटत नाही. त्यांना फलक वाचता येत नाही आणि फटाके विकत घेता येत नाहीत. ज्यांना दोन्ही येते त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निकाल दिलेला आहे.

आता जे सांगावे म्हणून हा लेख लिहायला बसले ते. दिवाळीच्या आठवड्यात बालवाडीत मुलांना गोल बसवतात आणि एकेकाला विचारतात, "तुमच्या घरी काय काय केले?" लाडू, चकली, शंकरपाळे, नवा फ्रॉक, मोठा कंदील. प्रश्न गोल फिरत असतो आणि सगळ्यांना मजा येत असते. एका शाळेत मी मागे बसून हे बघत होते. एका मुलाची पाळी आली. तो म्हणाला, "आमच्याकडे या वर्षी काही नाही." बाई घाईत होत्या. "असे कसे? काहीतरी असेलच!" असे म्हणून त्या पुढच्या मुलाकडे वळल्या. त्या मुलाचे आजोबा श्रावणात गेले होते. घरात वर्षभर सण नव्हता. कंदील नव्हता, कढई नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच विचारले तेव्हा त्या मुलाने सर्वांत लांबलचक यादी सांगितली. सात प्रकारचे लाडू, एक घोडा आणि गच्चीएवढा कंदील. बाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, "बघा, होते की नाही?"

आपल्या घरांतली रीत किती जाणती आहे! ज्या घरी दुःख झाले तिथे कढई चढत नाही. पण शेजारीपाजारी आणि सोयरे त्या घरी फराळाचे ताट पोचवतात, आणि घरातली मुले उपाशी राहत नाहीत. शाळेला एवढे तरी जमावे. आधी घरोघरी साधी चौकशी करावी, आणि प्रश्न बदलावा. "घरी काय काय केले?" याऐवजी "तू घरी कोणाला कोणती मदत केलीस?" असे विचारावे. आईला चमचा दिला, ताईचा केर भरला, आजीचा चष्मा शोधला. याचे उत्तर प्रत्येक घरात असते. जिथे दिवाळी नाही तिथेही असते, जिथे दिवाळी बेताची आहे तिथेही असते, आणि ज्या घरी हा सण नाहीच तिथेही असते. चार घरची मुले एका वर्गात असली की हे ध्यानात ठेवावे लागते. एखादी ख्रिस्ती मुलगी मध्येच सांगते, "आम्ही नेवऱ्या नाताळाला करतो." मग करंजी आणि नेवरी यांची ओळख करून द्यायची आणि डिसेंबरात तिला चांदणीचा कंदील करताना वर्गाची गुरू करायची. रमजान ईदच्या वेळी शेवयांची हकीकत ज्याच्या घरची त्याच्याच तोंडून ऐकायची.

आणि त्या मुलाला वेगळे काढून कुरवाळत बसू नये. त्याला ते नको असते. पणत्या करताना पुढे एकदा त्याच्याशेजारी बसले होते. त्याची पणती जरा खोलगट झाली होती आणि तो ती आणखी खोल करीत होता. "एवढी खोल कशाला रे?" असे मी विचारले. "तूप जास्त मावेल," तो म्हणाला, "आजोबांच्या फोटोपुढे रात्रभर राहायला पाहिजे." सण नसलेल्या घरातही तसबिरीपुढचा दिवा असतोच. सुटीच्या आदल्या दिवशी त्याने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दोन्ही हातांनी धरून नेली, आणि रिक्षात बसल्यावरही मांडीवर ठेवली नाही.

शेवटी एक कामाची सूचना. पणत्या घरी पाठवताना त्या दिव्यांच्या ओळीत, दिसतील अशा जागी मांडा, असे पालकांना चिठ्ठीत आवर्जून लिहावे. नाही तर बाजारच्या रंगीत पणत्यांमागे त्या लपतात. सुटीनंतर शाळा भरेल तेव्हा किल्ला ढासळलेला असेल आणि अळीव वाळून गेलेले असेल. ती माती टाकून देऊ नये. मुलांकडूनच खडे आणि मुळ्या वेचून घ्याव्यात, माती चाळून, थोडी ओलसर करून झाकणाच्या डब्यात भरून ठेवावी. संक्रांतीला चिमुकली सुगडी करायला ती लागेल.